एकच लॉगिन

शीतलचा कॉम्प्युटर पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटायचं, हा बिघडलाय. काळा पडदा, त्याच्या तीन चौकटी, आणि चौकटींत नुसती अक्षरं. चित्र नाही, टिचकी मारायला बटण नाही. माउस तर नाहीच. त्या माउसनं उजवं मनगट धरायला लागलं तेव्हा तिनं तो काढून लोखंडी कपाटात टाकला होता, जुन्या चष्म्यांशेजारी. तिची सासू द्वारकाबाई आल्यागेल्याला कौतुकानं सांगायची, "आमच्या शीतलच्या टीव्हीला चित्रच न्हाई. नुसतं लिव्हून येतं, आन ती वाचत बसती."

जालन्याच्या मस्तगडातल्या त्या घराच्या वरच्या खोलीत बसून शीतल पुण्याच्या एका लहानशा कंपनीचं काम करायची. रक्त तपासणाऱ्या लॅबांसाठी सॉफ्टवेअर. रिपोर्ट कसा छापायचा, कुठला आकडा लाल दाखवायचा, असलं काहीबाही. शिक्षण म्हणाल तर बी.ए., तेही मराठी घेऊन. कोडिंग ती शिकली दुपारच्या वेळी, घर लवंडलेलं असताना, फोनवर लोकांचे व्हिडिओ बघून आणि चुका करून. एकदा तर तिनं अख्खं फोल्डर पुसून टाकलं होतं आणि मग दोन दिवस कुणाशी बोलली नव्हती. नवऱ्यानं, रामप्रसादनं, घाबरून विचारलं होतं, "माहेरचं कोणी गेलं का?"

तिच्या कामात एकच अडचण होती. वेळ तिला अख्खा कधी मिळायचाच नाही. चिंध्यांत मिळायचा. कुकर लावला की तीन शिट्ट्यांएवढा, सासूबाई अंघोळीला गेल्या की तेवढा, दूधवाला यायच्या आधीचा एवढुसा. आता प्रत्येक वेळी उठून परत आल्यावर मी कुठं होते, कुठली फाईल उघडी होती, काय करत होते, हे शोधण्यातच ती चिंधी संपायची. म्हणून तिनं ते सगळं आपल्या हातानं बेतून घेतलं. आधी लोकांच्या सेटिंगा उसन्या आणल्या, मग त्यातलं नको ते काढलं, हवं ते शिवलं. डाव्या चौकटीत कोड, उजवीकडे त्याची तपासणी, खाली मशीन काय म्हणतंय ते. अक्षर मोठं, कारण चाळिशी लागली होती. तीन अक्षरं दाबली की दहा ओळी आपोआप उमटायच्या. आणि हुकूम सगळे आपल्या बोलीतले, इंग्रजी अक्षरांत लिहिलेले. काम चालू करायचं तर 'चढव'. बंद करायचं तर 'उतरव'. कंपनीला पाठवायचं तर 'धाड'.

उठून जायचं असलं की ती 'येते' असं टाकायची. निघताना 'जाते' म्हणायचं नसतं, हे उंबऱ्यावर जितकं खरं तितकंच इथंही. 'येते' म्हटलं की मशीन सगळं जसंच्या तसं जपून ठेवायचं. परत येऊन 'आले' म्हटलं की तिन्ही चौकटी उघडायच्या आणि चमकती रेघ बरोबर त्या अक्षरावर येऊन थांबायची, जिथून ती उठली होती. तिला स्वतःला घरात कुणी इतकं जपून ठेवलं नव्हतं. पण ते असो.

मग राधेश्यामचं, म्हणजे धाकट्या दिराचं, लग्न झालं आणि पायल आली. संभाजीनगरची, इंजिनियर झालेली, बोलायला चटपटीत. तिचा लॅपटॉप लग्नानंतर राधेश्यामच वापरायला लागला. बियाण्याच्या कंपनीत तो विक्रीला होता, गावोगाव फिरायचा, त्याला लागायचा. जालन्यात तिला मनासारखी नोकरी मिळेना. दुपारी ती वरच्या खोलीत यायची आणि शीतलच्या पाठीमागं उभी राहून बघत बसायची.

"ताई, हे तुम्ही स्वतः केलं?"

"मंग काय, तुह्या मोठ्या दिरानं केलं व्हय? त्यांना फोनचा आवाज बारीक करता येईना."

आठवड्याभरात शीतलनंच म्हटलं, "बघत काय बसली, बस की. सकाळी मी, दुपारी तू."

पायल खूश झाली. म्हणाली, "ताई, मग मला वेगळं लॉगिन करून द्या ना. माझ्या सेटिंगा वेगळ्या, तुमच्या वेगळ्या. गोंधळ होणार नाही."

जिन्याच्या वरच्या पायरीवर द्वारकाबाई तूर निवडत बसली होती. तिचा हात सुपात थांबला.

"येगळं? काय येगळं करून राह्यल्या गं दोघी?"

"आत्याबाई, कॉम्प्युटरमधलं खातं. नुसतं नाव न् पासवर्ड," पायल म्हणाली.

"आज त्याच्यात येगळं, उद्या चुलीत येगळं. माझ्या थोरल्या जावंनं बी आधी नुसतं ताटच येगळं केल्तं."

समजावून सांगायला मिनिट लागलं असतं. आणि समजावलं असतं तर म्हातारी गप्पही बसली असती. पण खरं सांगायचं तर शीतलला स्वतःलाच कसंतरी झालं. नवी पोरगी घरात आली, आणि पहिलं काय, तर तिच्या-आपल्यात भिंत घालायची? थोरलीला शोभतं का ते? तिनं हसून म्हटलं, "राहू दे गं. माझ्याच नावानं बस. एका घरात काय तुझं-माझं." आणि पासवर्ड सांगून टाकला. स्वयंपाकघरात मीठ-मिरची कुठं ठेवते ते दाखवलं होतं ना, अगदी तसाच.

त्या दिवसापासून दोघी एकाच नावानं काम करायला लागल्या. कंपनीला तर एकच शीतल ठाऊक होती.

पायल हुशार होती, यात शंका नको. महिन्याभरात तिची बोटं शीतलच्या सेटिंगांवर अशी पळायला लागली, जशी शीतलची पळायला तीन वर्षं लागली होती. स्वयंपाकघरात ती डबा हलवतानाही विचारायची, "ताई, ही बरणी इकडं ठेवू का?" पण वरच्या खोलीत ती न विचारता हलवाहलव करायची. एके सकाळी शीतलनं नेहमीची कळ दाबली आणि फाईल जपून ठेवण्याऐवजी भलतंच उघडलं.

"पायल, हे काय करून ठेवलंस?"

"अहो ताई, ती कळ लांब होती. करंगळी ताणावी लागते. ही जवळची आहे, बघा तर."

शीतलनं बघितलं. खरंच जवळची होती. इतक्या वर्षांत आपल्याला कसं सुचलं नाही, म्हणून तिला राग आला, आणि राग आला म्हणून परत स्वतःचाच राग आला. "बरं केलं," ती म्हणाली. आणि मग तीन दिवस तिची करंगळी जुन्या जागी जाऊन जाऊन परत येत राहिली.

दिवाळीनंतर कंपनीच्या शौनक सरांचा फोन आला. सर वयानं लहान, तिला ताई म्हणायचे.

"शीतलताई, तुम्ही खाताय तरी काय? दोन-तीन महिन्यांत तुमचं काम दुप्पट झालंय. ऐका, आता तुम्ही पूर्णवेळ या. घरूनच. नऊ ते सहा. तीन नवी मुलं घेतोय, ती तुमच्या हाताखाली."

नऊ ते सहा! लोकांना ते ओझं वाटतं. शीतलला वाटलं, कुणीतरी आपल्याला अख्खं पातळ देतंय, इतकी वर्षं चिंध्या जोडल्यावर. दार लावून बसायचं. कुणी विचारलं तर सांगायचं, कामावर आहे.

तिथं गप्प बसली असती तर ही गोष्टच झाली नसती. पण खोटं तिच्याच्यानं होईना.

"सर, एक सांगायचंय. काम दुप्पट झालं कारण आम्ही दोघी आहोत. माझी जाऊबाई पण बसते."

"एकाच लॉगिनवर?" सरांनी विचारलं. "मग यातलं तुमचं कुठलं न् त्यांचं कुठलं?"

"अर्धं-अर्धं असेल."

"हो, पण कुठलं अर्धं?"

शीतलला सांगता येईना. तिनं सुरू केलेलं पायलनं संपवलं होतं, पायलचं चुकलेलं तिनं उसवून शिवलं होतं. सगळ्यावर नाव एकच. भाजीत कुणी किती मीठ घातलं हे भाजीला विचारल्यासारखं ते होतं.

"ताई, जागा एकच आहे," सर म्हणाले. "असं करू. शनिवारी दोघी माझ्यासमोर व्हिडिओवर एकेक तास बसा. मी दोघींना एकेक खरं काम देतो. बघू."

जेवताना घरात विषय निघाला. रामप्रसाद म्हणाला, "त्यात बघायचं काय? तुझंच हाय ते. बिनघोर बस."

राधेश्याम ताटातून मान वर न करता म्हणाला, "पायलकडं डिग्री हाय पण."

"डिग्री तुह्याकडं बी हाय," द्वारकाबाई म्हणाली. "नळाची तोटी बदलाया माणूस बोलवावा लागतो."

सगळे हसले. पायल हसली नाही. आणि शीतलही.

शनिवारी आधी पायलची पाळी. शीतलनं सकाळीच सगळी व्यवस्था लावली. घंटीचं बटण बंद केलं. कुकर आधीच उतरवून घेतला, नको ती शिट्टी मध्येच. द्वारकाबाईला गोळ्या देऊन, पायाला तेल लावून पडायला लावलं. शेजारच्या नंदाबाई विरजण मागायला आल्या, त्यांना दारातच वाटी भरून दिली आणि ओठावर बोट ठेवून परत पाठवलं. मग ती जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून राहिली. वर कुणी जायचं नाही. का केलं तिनं हे सगळं? तिला कुणी सांगितलं नव्हतं. पोरीची परीक्षा होती आणि घरातली थोरली ती होती, बस, एवढंच.

तासभर वरून कळांचा आवाज सलग येत राहिला. पायल खाली आली तेव्हा तिचा चेहरा फुलला होता. "झालं ताई! आता तुम्ही जा. मी आहे ना इथं. कोणाला वर येऊ देत नाही."

शीतल खुर्चीत बसली. समोर टेकवलेल्या फोनवर शौनक सर, आणि तिचा पडदा त्यांनाही तिकडं दिसत होता. काम दिलं ते असं, की एका लॅबमध्ये तान्ह्या बाळांचे सगळे रिपोर्ट लाल येत होते. बाळं धडधाकट, आणि रिपोर्टवर मात्र सगळीच आजारी. का, ते शोधायचं आणि दुरुस्त करायचं. शीतलला पाचच मिनिटांत वास लागला. बाळांचं वय महिन्यांत लिहिलेलं, आणि मशीन ते वर्षं समजून मोठ्या मुलांच्या आकड्यांशी ताडून बघत होतं. तिनं डाव्या चौकटीत हात घातला, बोटं पळायला लागली, आणि—

"पाणी आलं! ए, पाणी आलं!"

गल्लीत एकच आरोळी उठली. आठवड्यानं, कधी दहा दिवसांनी, वेळ न सांगता येणारा नळ नेमका त्याच घटकेला आला होता.

खाली पायलची पळापळ ऐकू आली. मग नळाच्या मोटारीची घरघर. मोटार नुसतीच घरघरत होती, पाणी ओढत नव्हती. हवा धरली होती तिनं. हे शीतलला वर बसून आवाजावरनं कळलं.

"शीतल! ए शीतल! मोटार पाणी धरून न्हाई राह्यली!"

"आत्याबाई, ताईंना हाक मारू नका ना. तास चालू आहे त्यांचा."

"मंग आठ दिवस काय तास प्यायचा? राध्या, तू काय पान्ह्यानं ठोकून राह्यला? फोडशील!"

शीतलनं उठायचं ठरवलं नाही. तिच्या बोटांनी ठरवलं. ती भानावर यायच्या आत पडद्यावर 'येते' उमटलं होतं आणि तिन्ही चौकटी मिटल्या होत्या.

"सर, एकच मिनिट."

ती खाली धावली, मोटारीचं झाकण फिरवलं, तांब्याभर पाणी ओतलं, अंगठ्यानं हवा काढली. मोटारीनं पाणी धरलं. वर आली, ओल्या हातानं 'आले' म्हटलं आणि अर्ध्या राहिलेल्या शब्दापासून पुढं लिहायला लागली. पाच मिनिटांनी टाकीवरचा पाइप निसटला. परत गेली, परत आली. मग द्वारकाबाई ओल्या फरशीवरनं घसरता घसरता वाचली आणि जी ओरडली, की परत.

तरी काम झालं. तास संपायच्या आधी झालं. बाळं सगळी बरी झाली, एकही लाल नाही.

शौनक सरांनी काम तपासून बघितलं. मग म्हणाले, "ताई, हे उठल्यावर जपून ठेवणं न् आल्यावर तिथंच उघडणं, हे तुम्ही बनवलंत? कमाल आहे. असं माझ्याकडे एकालाही जमलेलं नाही. हे मी सगळ्या टीमला देणार. चालेल ना?"

"चालेल की सर."

"फक्त…" सरांनी चष्मा काढून पुसला. "तुम्ही तीनदा उठलात, ताई."

"सर, रोज नाही येत पाणी. आठवड्यातून एकदा. कधी तर दहा दिवसांनी."

"ते कळलं. पण पाणी नसेल तेव्हा दुसरं काहीतरी येईलच ना? पायल तासभर खुर्चीतून हलल्या नाहीत. मला नवीन मुलांसमोर तसं माणूस लागेल. तुमच्यापेक्षा त्या हुशार आहेत असं मी म्हणत नाही, हं. तुम्ही अधनंमधनं, जमेल तसं करत राहा. तुमच्यासाठी दार उघडं आहे."

पायल हलली नाही, कारण मी जिन्यात बसले होते. हे वाक्य शीतलच्या अगदी जिभेवर आलं. पण ते उच्चारलं असतं तर ती तक्रार झाली असती, आणि तक्रार करणाऱ्या बाईचं घर कसं आहे हे सरांना अजूनच पटलं असतं. तिनं म्हटलं, "बरं सर," आणि हाताचं पाणी पदराला पुसलं.

संध्याकाळी पायल रडत रडत आली. "ताई, मी सरांना नाही म्हणून कळवते. मला नाही हे असं पाहिजे."

"आन मंग? दोघी बी खाली बसायचं?"

"पण तुमचं होतं ते."

"नाव माझं होतं," शीतल म्हणाली. "बस तू. डोळे पूस आधी."

रामप्रसादनं दुकानावरनं आल्यावर सगळं ऐकून घेतलं. त्याला वाईट वाटलं, नाही असं नाही. बूट काढता काढता तो म्हणाला, "जाऊ दे. काम घराबाहेर तर न्हाई गेलं. घरातच ऱ्हायलं ना?" शीतलनं त्याच्याकडं बघितलं. माणूस वाईट नव्हता. तो वाईट असता तर तिला सोपं गेलं असतं.

आठ दिवसांत कंपनीचा नवा लॅपटॉप आला. पायलच्या नावाचा, पायलच्या लॉगिनचा, पायलच्या पासवर्डचा. द्वारकाबाईनं त्याला हळदकुंकू वाहिलं, वर साखर ठेवली. ह्या खेपेला वेगळ्या चुलीचा शब्द कुणी काढला नाही. सरांच्या सांगण्यावरून शीतलनं आपल्या सगळ्या सेटिंगा त्यात घालून दिल्या. एक दुपार गेली त्यात. मशीन नवं होतं, सगळं कसं पटापट उघडत होतं.

मग सोमवारी नवाला वरच्या खोलीचं दार लागलं.

"हळू बोला रे. तिचं काम चालू हाय," द्वारकाबाई सगळ्यांना दटावायला लागली. आपल्या सासूला हळू बोलता येतं, हे शीतलला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कळलं. आता पायलला कुणी हाक मारायचं नाही, असा घरात जणू कायदाच झाला. हाका मात्र तेवढ्याच राहिल्या. त्या सगळ्या आता शीतलच्याच वाट्याला आल्या, आणि त्यात एक वरून येणारी वाढली.

पहिल्यांदा पायलनं दार किलकिलं करून बोलावलं. "ताई, जरा येता का? अडलंय." नव्या मुलांना ती काहीतरी दाखवत होती आणि गाठ सुटत नव्हती. शीतल कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी भिंतीला चिकटून उभी राहिली आणि बोटानं दाखवलं, ही ओळ वर घे. पायलनं घेतली. "वा, पायल! लगेच सापडलं की," सर म्हणाले. "सर, ते खरं तर ताईंनी—" "हो हो, सेटिंगा त्यांच्याच आहेत, माहितीये मला," सर म्हणाले आणि पुढं सरकले. पायलनं ओशाळून बघितलं. शीतलनं हातानंच राहू दे म्हटलं.

दुसऱ्यांदा ती हात कणकेनं भरलेले असताना गेली. त्यानंतर किती वेळा गेली ते तिनं मोजलं नाही. 'अधनंमधनं जमेल तसं' जे काम सर तिला पाठवणार होते, ते काही आलं नाही. तिच्या जुन्या काळ्या पडद्यावर धूळ बसली होती, ती तिनं एकदा पदरानं पुसली आणि सुरू न करताच खाली आली.

त्या दिवशी ती भाकरी करत होती. द्वारकाबाई भिंतीला टेकून लसूण सोलत होती.

"ताई!" वरून हाक आली. जरा थांबून परत, "ताई, जल्दी या ना! सगळे थांबलेत!"

शीतलनं भाकरी तव्यावर टाकली आणि वरून पाण्याचा हात फिरवला.

"आगं, ती बलावून राह्यली," द्वारकाबाई म्हणाली. "ऐकू न्हाई आलं का?"

"आलं."

"मंग?"

शीतलनं परातीत पुढचा गोळा घेतला, पीठ भुरभुरलं आणि थापायला लागली. वर खुर्ची सरकली. जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. पायल स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, धापा टाकत, कानातला इयरफोन तसाच लोंबतोय. तिनं तोंड उघडलं, पण शीतलनं मान वर केली नाही, म्हणून ते तसंच मिटलं.

लोंबत्या इयरफोनमधून शौनक सरांचा आवाज बारीक, मुंगीएवढा येत होता.

"पायल? पायल, आहात ना तिथं?"

शीतलनं भाकरी उलटली.